घरच्या साबणात नेमकं काय काय जातं? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

साबण शिकायला येणाऱ्या बायका, कॉलेजची पोरं, रिटायर झालेले काका, सगळे फिरून फिरून हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. माझं म्हणणं आधीच सांगते. साबण चांगला होतो तो तेलामुळं आणि अचूक वजनामुळं. केशर, मध, गुलाबाच्या पाकळ्या हे सगळं नंतरचं. महागातला सुगंध आणायच्या आधी एकेक ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा आणा, तो पैसा खरा कामाला येतो.

साबणाला कमीत कमी काय लागतं?

तेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी. बस्स. तेलाच्या एका रेणूत तीन फॅटी ॲसिड एका ग्लिसरीनला चिकटलेली असतात, कॉस्टिक ती सोडवतं, त्यांच्याशी जोडी जमवतं आणि तो झाला साबण, सुटलेलं ग्लिसरीन तिथंच वडीत राहतं. कारखान्यात बऱ्याचदा मीठ टाकून साबण वेगळा काढतात आणि ग्लिसरीन दुसरीकडं विकतात, घरच्या साबणात ते सगळंच्या सगळं आपल्याकडं राहतं. अर्धा किलो तेलाच्या घाण्याला साधारण ५५ ग्रॅम ग्लिसरीन तयार होतं, वेगळं विकत आणून घालायची गरजच नाही.

कॉस्टिक सोडा म्हणजे संडास साफ करायचा ना? तो अंगाला लावायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बरोबर प्रश्न आहे, भीती वाटलीच पाहिजे. कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साईड, कातडी भाजतं, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. पण माप बरोबर असेल तर वडी तयार झाल्यावर आत कॉस्टिक म्हणून काही उरतच नाही, सगळं तेलाबरोबर संपलेलं असतं. आपण तर मुद्दाम तेल थोडं जास्त ठेवतो म्हणजे संपायची खात्री. आजवर तुम्ही जो खराखुरा साबण वापरला तो कुठल्या ना कुठल्या अल्कलीशिवाय, म्हणजे कॉस्टिकसारख्या तीव्र क्षाराशिवाय, झालेलाच नाही, मग तो म्हैसूरचा असो नाहीतर शेजारच्या काकूंचा.

मग ‘विना कॉस्टिक’ साबण विकतात तो काय असतो?

तो मेल्ट अँड पोअर, म्हणजे सोप बेस. कुणीतरी आधीच कॉस्टिक घालून साबण करून, त्यात ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल वगैरे घालून तो वितळेल असा केलेला असतो, काही बेसमध्ये एसएलएस सारखा फेसवाला डिटर्जंटही असतो. तुम्ही घरी फक्त वितळवून रंग-वास घालून साच्यात ओतता. लहान पोरांबरोबर करायला मस्त आहे, दोन तासात वडी हातात, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण त्यावर ‘केमिकल फ्री’ लिहून विकणं मला अजिबात पटत नाही. बेसच्या पाकिटामागची यादी वाचा, ती तुमच्या साबणाची यादी आहे.

पापडखार, खायचा सोडा, पानाचा चुना, यानं साबण होईल का? ते घरात असतंच.

नाही होत. खायचा सोडा आणि पापडखार लई सौम्य, घरच्या तपमानाला तेल फोडायची त्यांच्यात ताकद नाही. चुना तेल फोडतो पण त्यातनं जो साबण होतो तो कॅल्शियमचा, पाण्यात विरघळतच नाही, चिकट पांढरा गाळ होतो फक्त. पूर्वी लाकडाची राख पाण्यात भिजवून, त्यात चुना घालून जे तीव्र पाणी काढायचे ते चालायचं, कारण राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट चुन्याबरोबर पोटॅशियम हायड्रॉक्साईड होतं. पण त्याची ताकद प्रत्येक वेळी वेगळी, मोजता येत नाही, साबण कधी तेलकट तर कधी कातडी जाळणारा. असलं पाणी अंगाच्या साबणाला वापरू नका.

पोटॅशियम हायड्रॉक्साईड वेगळं का?

लिक्विड सोप आणि शेव्हिंगच्या मऊ साबणाला ते. वडीला सोडियमचंच. दोन्ही एकमेकाच्या जागी त्याच वजनानं चालत नाहीत, पोटॅशियमवालं १.४०३ पट जास्त लागतं.

कॉस्टिक कुठलं घ्यायचं, कसं ठेवायचं?

केमिकलच्या दुकानात फ्लेक्स किंवा छोटे मणी मिळतात, पाकिटावर शुद्धता लिहिलेली असते ती बघा, ९८% च्या आसपासचं घ्या. ड्रेन क्लीनरची पावडर नको, त्यात ॲल्युमिनियमचे तुकडे आणि बाकी काय काय मिसळलेलं असतं. आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, जून-जुलैत डबा पाच मिनिटं उघडा राहिला तरी फ्लेक्स ओलसर होऊन एकमेकाला चिकटतात. ते हवेतलं पाणीही ओढतं आणि कार्बन डायऑक्साईडही, मग हळूहळू त्याचा धुण्याचा सोडा होतो, काट्यावर वजन तेवढंच दिसतं पण ताकद गेलेली असते, साबण मऊ आणि तेलकट राहतो. जाड प्लॅस्टिकचा घट्ट झाकणाचा डबा, त्यावर मोठ्या अक्षरात नाव, आणि पोरांच्या हाताला येणार नाही अशी जागा. मिठाच्या किंवा साखरेच्या जुन्या बरणीत कधीही ठेवू नका.

भांडं कुठलं?

स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचं, ज्याच्या बुडाला त्रिकोणात ५ आकडा असतो. जर्मनचं पातेलं बिलकुल नको, ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, भांड्याला भोकं पडतात. कल्हईचं पितळी पण नको, कल्हई जाते आणि तांबं साबणात उतरलं की तेल लवकर खवट होतं. काच नको, कॉस्टिकनं काच हळूहळू खराब होते आणि एक दिवस गरम पाण्यानं तडकते. साबणाची भांडी वेगळीच ठेवा, परत स्वयंपाकाला आणू नका.

कॉस्टिक पाण्यात की पाणी कॉस्टिकमध्ये?

कॉस्टिक पाण्यात. नेहमी. थोडं थोडं टाकत, ढवळत. उलटं केलं तर वरनं पडलेलं पहिलं पाणी क्षणात उकळून अंगावर उडतं. बरोबर केलं तरी पाणी ८० अंशांच्या वर जातं आणि वाफ निघते ती घशाला झोंबते, म्हणून गॅलरीत किंवा खिडकीशेजारी करा, तोंड बाजूला ठेवा. गॉगल आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय मी कुणाला डबा उघडू देत नाही.

हातावर उडालं तर लिंबू पिळू का? व्हिनेगर?

नाही. नळाखाली धरा, वाहत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, भिजलेला कपडा लगेच काढा. लिंबू-व्हिनेगरच्या नादात वेळ जातो आणि उलट आणखी उष्णता तयार होते. डोळ्यात गेलं तर धूत धूतच डॉक्टरकडं निघा. चुकून पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका, सरळ दवाखाना.

पाणी कसलं? बोअरचं चालेल का?

बोअरचं नको. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं ते साबणाला धरतं आणि लोखंडाचा अंश असला की वडीला डाग पडतात. आरओचं पाणी चालतं, त्याहून चांगलं डिस्टिल्ड, पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायला मिळतं ते. फक्त बॅटरीचं पाणी मागा, बॅटरीचं ॲसिड आणू नका, दोन्हीचे कॅन शेजारी शेजारी असतात.

साबण वापरताना बोअरच्या पाण्यात बादलीवर पांढरी साय येते, तीही त्याच कॅल्शियमची. घरी आंघोळीला बोअरचंच पाणी असेल तर साबण करताना त्याच्या आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड घाला, कॉस्टिकशी त्याचं सोडियम सायट्रेट होतं आणि ते कॅल्शियमला पकडून ठेवतं. अर्ध्या किलो तेलाला १० ग्रॅम पुरे. पण ते १० ग्रॅम साधारण ६ ग्रॅम कॉस्टिक खातात, तेवढं कॉस्टिक जास्तीचं धरा, नाहीतर साबण मऊ पडेल.

तेल कुठलं? इथं लक्ष्मीपुरीत तर वीस प्रकारची मिळतात.

हाच खरा विषय. इथं घाईनं वाचू नका. साबणाचा फेस, कडकपणा, अंगाला लागणं, टिकणं, सगळं तेलातल्या फॅटी ॲसिडवर ठरतं.

खोबरेल घ्या. त्यात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड, त्यामुळं भरपूर मोठा फेस आणि कडक वडी. पण हेच लॉरिक अंगावरचं तेलही ओरबाडून नेतं, म्हणून एकूण तेलात २५ ते ३०% ठेवा, हिवाळ्यात ज्यांचे पाय पांढरे पडतात त्यांनी २०% वर थांबा. १००% खोबरेलाचा साबण भांड्याला आणि कपड्याला उत्तम, अंगाला तसाच हवा असेल तर कॉस्टिकशी न जुळता मोकळं राहणारं जास्तीचं तेल नेहमीच्या ५% ऐवजी २०% सोडायचं (हा हिशोब पुढं येतोय). आणि खायचं साधं खोबरेल आणा, केसाला लावायचं सुगंधी तेल आणू नका. त्यातल्या काहींमध्ये लिक्विड पॅराफिन असतं, ते पेट्रोलियमचं, त्याचा साबण होतच नाही, वडीत तसंच तेलकट राहतं आणि हिशोब सगळा चुकतो.

शेंगतेल आमच्याकडं घरोघरी, घाण्यावरचं मिळतं, त्यात ओलिक जास्त म्हणून अंगाला मऊ लागतं, पण एकट्याचा साबण पिळपिळीत होतो. पामतेल किंवा वनस्पती तूप हे कडकपणासाठी, पामिटिक आणि स्टिअरिक त्यात असतं, वडी साबणदाणीत लवकर विरघळत नाही. एरंडेल मात्र वेगळंच प्रकरण, त्यात ८५% हून जास्त रिसिनोलिक ॲसिड, ते फेस धरून ठेवतं. ५ ते १०% पुरे, जास्त झालं तर वडी चिकट. ऑलिव्ह ऑईलच हवं असा हट्ट बऱ्याच जणांचा असतो, परदेशी व्हिडिओ बघून आलेले असतात, पण तिकडं ते वापरतात कारण ते त्यांच्याकडं पिकतं. शेंगतेलानं आणि राईस ब्रॅननं आपलं काम चांगलं भागतं.

आता माझं आवडतं. घाट उतरून सिंधुदुर्गात गेलात तर कोकमाच्या बियांचं मुठेल आणा, फिकट पिवळ्या कडक गोळ्या असतात, भेगांना लावतात ते. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक, नखानं टोकरावं लागतं इतकं कडक, आणि हातात चोळलं की अंगाच्या उष्णतेनं सरकन वितळतं. पावसाळी हवेत वडी मऊ पडते अशी तक्रार असते ना, तिथं १०% मुठेल घालून बघा. शिआ बटर आफ्रिकेतनं येतं, हे आपल्या घाटाखालचं आहे.

करडई, सूर्यफूल, सोयाबीन? सोयाबीन तर आपल्या जिल्ह्यातच पिकतं.

पिकतं, पण साबणाला जपून. या तिन्हीत लिनोलिक ॲसिड जास्त, हवेशी लवकर बिघडतं. दोन-तीन महिन्यांत वडीवर केशरी ठिपके येतात आणि जुन्या तेलाचा वास सुटतो. सगळी मिळून १५% च्या वर नेऊ नका. भज्यांचं उरलेलं तेल गाळून घेतलं तर फरशी-भांड्याचा साबण होतो, अंगाला नको, ते आधीच अर्धं बिघडलेलं असतं.

तुपाचा किंवा लोण्याचा केला तर?

वास मारतो. दुधाच्या फॅटमध्ये ब्युटिरिक ॲसिड असतं, ते सुटलं की आंबूस वास येतो आणि कितीही अत्तर घाला, खालनं येतच राहतो. तूप पुरणपोळीवर घाला.

कॉस्टिक किती घालायचं ते कसं काढायचं?

प्रत्येक तेलाला वेगळं लागतं, म्हणून ‘अमुक तेलाला एक वाटी कॉस्टिक’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एक ग्रॅम तेलाला किती ग्रॅम कॉस्टिक ते आकडे असे: खोबरेल ०.१८३, पामतेल ०.१४२, शेंगतेल ०.१३७, राईस ब्रॅन ०.१३३, एरंडेल ०.१२८. एक उदाहरण करून दाखवते, वही घ्या.

खोबरेल १५० ग्रॅम, पामतेल १५०, शेंगतेल १५०, एरंडेल ५०, एकूण ५०० ग्रॅम. गुणाकार केला की २७.४५, २१.३, २०.५५ आणि ६.४, बेरीज ७५.७ ग्रॅम. एवढं घातलं तर सगळं तेल संपेल, पण आपल्याला ५% तेल मोकळं ठेवायचंय, म्हणून ७५.७ ला ०.९५ नं गुणा, ७१.९ ग्रॅम कॉस्टिक. पाणी त्याच्या दुप्पट, १४४ ग्रॅम. झालं. यात शेंगतेलाऐवजी खोबरेल जास्त घातलं आणि कॉस्टिक तेवढंच ठेवलं तर साबण तेलकट होईल, उलटं केलं तर जहाल होईल, म्हणून तेल बदललं की हिशोब परत मांडायचा. नेटवर सोप कॅल्क्युलेटर फुकट आहेत, पण एकदा हातानं करा, मग आकडा चुकला तर डोळ्याला खटकतो.

आणि वजन म्हणजे वजन. मिलिलिटर नाही. अर्धा लिटर तेलाचं वजन ४६० ग्रॅमच्या आसपास भरतं, ते ५०० धरलं की ५% मोकळं ठेवलेलं तेल गेलंच, उलट थोडं कॉस्टिक जास्त झालं.

ट्रेस म्हणजे काय?

तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही हाताला कोमट लागेल इतकं उतरलं, साधारण ४० अंश (भांड्याला बाहेरनं हात लावून बघा, आत बोट नको), की एकत्र करून हँड ब्लेंडर फिरवायचा. मिश्रण पातळ पिठल्याइतकं झालं आणि वरनं धार सोडली तर तिची रेघ पृष्ठभागावर थोडा वेळ दिसते, तो ट्रेस. रंग, वास, बाकी लाड सगळे इथं घालायचे.

हळद घातली तर साबण लाल का झाला?

कॉस्टिकमुळं. हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच प्रकार, अल्कलीत हळदीतलं कर्क्युमिन लाल होतं. घाबरू नका, वडी मुरत जाईल तशी नारिंगी, मग पिवळसर होते, पुढं उन्हात फिकी पडते. सांगलीची चांगली हळद असेल तर अर्ध्या किलोला पाऊण चमचा बास, जास्त घातली तर टॉवेल पिवळे.

बाकी रंगांचं थोडक्यात: बीटाचा गुलाबी टिकत नाही, मातकट होतो. पालक आणि कडुनिंबाच्या पानांची पावडर हिरवी दिसते आणि काही आठवड्यांत तपकिरी होते. रतनजोत तेलात भिजवून घातली तर जांभळा-निळसर येतो, तो छान असतो. कोळसा, मुलतानी माती, कॉस्मेटिक ग्रेडचा गेरू टिकतात. रांगोळीचे रंग किंवा बाजारातलं कुंकू घालू नका, त्यात काय आहे ते पाकिटावर लिहिलेलंही नसतं.

कोल्हापुरी गूळ घालता येतो का?

येतो की! आणि उपयोगही होतो, साखर कुठलीही असली तरी फेस वाढवते. अर्धा किलो तेलाला एक चमचा गूळ, साबणाच्या पाण्यातलंच थोडं पाणी बाजूला काढून त्यात विरघळवून, गाळून, ट्रेसला घाला. रंग तपकिरी येणार हे धरून चाला. पण गुळानं साच्यात मिश्रण तापतं, जास्त घातला तर मधोमध फुगून चीर पडते आणि कधी कधी उतू येतं, म्हणून गुळाच्या साबणाला घोंगडी-टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उघडाच गार जागी ठेवा. मधाला पण हेच लागू.

म्हशीच्या दुधाचा साबण?

गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण पिणाऱ्या गावात हा प्रश्न येणारच. होतो, मस्त होतो, पण कॉस्टिक गरम दुधात टाकलं तर दूध फाटतं, करपतं आणि अमोनियासारखा वास सुटतो. दूध आधी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, त्या खड्यांवर कॉस्टिक चिमूट-चिमूट टाकत ढवळा, खडे विरघळतील तसं कॉस्टिकही विरघळतं आणि तपमान चढत नाही. तरी रंग फिकट पिवळा होतोच. म्हशीच्या दुधात ६-७% फॅट असतं, म्हणजे १४४ ग्रॅम दुधातनं ९-१० ग्रॅम फॅट आलं, मोकळं तेल ५% वरनं जवळपास ७% वर जातं. चालतं तेवढं. पण वरनं साय आणि घालू नका.

कोरफड, कडुनिंब, शिकेकाई, रिठा यांचा फायदा होतो का?

थोडा. इथं लोकांना नाराज करावं लागतं पण खरं तेच सांगते. ताज्या साबणात कॉस्टिक इतकं तीव्र असतं की पाल्यातली, फळातली बरीच नाजूक द्रव्यं त्यात टिकत नाहीत आणि उरलेली अर्ध्या मिनिटात पाण्याबरोबर मोरीत जातात. कोरफडीचा गर पाण्याऐवजी वापरला तर फेस बरा येतो, त्यात साखरा असतात. पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो तो आधी निथळू द्या, तो अंगाला चुरचुरतो. कडुनिंबाचं तेल ५-१०% घालता येतं, वास उग्र, आवडणाऱ्यांना आवडतो. रिठ्याचा फेस सॅपोनिनचा, म्हणजे फळातल्याच फेसाळ द्रव्याचा, त्याचा आणि आपल्या साबणाच्या प्रक्रियेचा काही संबंध नाही, नुसता रिठा वापरायचा असेल तर भिजवून सरळ डोक्याला लावा, तो उत्तम आहे.

मुरूम जातो, खरूज बरी होते, असं साबणावर लिहू नका. साबण मळ काढतो. त्याचं काम तेच आणि ते तो चांगलं करतो.

लिंबू घालून पीएच ५.५ करता येईल का?

नाही. पीएच म्हणजे ॲसिड की अल्कली ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली ॲसिड, वर अल्कली. खरा साबण अल्कलीच असतो, पीएच ९ ते १० च्या दरम्यान. ॲसिड घालून खाली आणायला गेलात तर साबण परत मोडून फॅटी ॲसिड सुटतं, चिकट गोळा हातात येतो. ५.५ वाल्या वड्या बाजारात असतात त्या सिंथेटिक डिटर्जंटच्या, ती वेगळी वस्तू.

टीएफएम किती येतं आपल्या साबणाचं?

टीएफएम म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थ किती टक्के. आयएस २८८८ या भारतीय मानकाप्रमाणं टॉयलेट सोपला, म्हणजे अंगाच्या साबणाला, ग्रेड १ ला कमीत कमी ७६%, ग्रेड २ ला ७०, ग्रेड ३ ला ६०. वरच्या उदाहरणातली ताजी वडी साधारण ६६% भरते कारण पाणी भरपूर असतं, पाणी उडत गेलं की ७० च्या पुढं जाते. पण टीएफएममध्ये ग्लिसरीन धरत नाहीत, त्यामुळं नुसत्या आकड्यावरनं घरचा साबण कमी समजू नका.

वासासाठी काय? अत्तर चालतं?

अत्तर, परफ्युम ऑईल, इसेन्शियल ऑईल, जे साबणासाठी म्हणून विकतात ते. एकूण तेलाच्या २-३% पर्यंत. लिंबू-संत्र्याचा वास लवकर उडतो, गवती चहा आणि वाळा टिकतो. लवंग-दालचिनीचं तेल कातडीला चुरचुरतं आणि मिश्रण भांड्यातच दगड करतं, लवंगेचं अगदी अर्ध्या टक्क्याच्या आत, दालचिनीचं मी घेतच नाही. चंदनाचं तेल स्वस्तात मिळालं तर ते चंदनाचं नाही, एवढं समजा.

वडीवर पांढरी पावडर आली, फेकून देऊ?

नको. वरच्या थरातल्या कॉस्टिकला हवा लागून धुण्याचा सोडा झालाय, ओल्या फडक्यानं पुसा. आतमध्ये पांढरे कडक खडे किंवा पाण्याचे खिसे दिसले तर मात्र वापरू नका, कॉस्टिक नीट मिसळलेलं नाही. आणि पावसाळ्यात वडीला घाम येतो तो ग्लिसरीननं हवेतलं पाणी ओढल्याचा, पंख्याखाली ठेवा, साबण चांगलाच आहे.

किती दिवस मुरवायचा? दिवाळीला अभ्यंगस्नानाला उटण्याचा साबण करायचाय.

साच्यातनं एक-दोन दिवसात निघतो, मग कापून चार ते सहा आठवडे, हवेशीर जागी, मधे फट ठेवून. कॉस्टिक पहिल्या काही दिवसांतच संपलेलं असतं, बाकीचा वेळ पाणी उडायला आणि वडी घट्ट व्हायला. आपल्या दमट हवेत सहाच धरा. गणपती बसल्यापासून नरक चतुर्दशीपर्यंत साधारण आठ आठवडे मिळतात, त्यामुळं गणपतीच्या सुट्टीत ओतून टाका, मोकळं दोन आठवडे हाताशी राहतात.

उटणं अर्ध्या किलो तेलाला एक चमचा, वस्त्रगाळ करून, नाहीतर कचोऱ्याचे कण अंगाला ओरखडतात. आंबेहळद असेल तर रंग आधी तांबूस दिसेल, तो उतरतो. उटण्याचा वास मुरताना बराचसा जातो, म्हणून थोडं वाळ्याचं तेल सोबत घाला.

हे साबण विकू शकतो का?

घरात, नात्यात द्या खुशाल, प्रत्येक वडीसोबत घटकांची यादी द्या, कुणाला कशाची ॲलर्जी असते सांगता येत नाही, शेंगदाण्याची तर नक्की विचारा. विकायचं म्हटलं की तो कायद्यानं कॉस्मेटिक होतो आणि कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणं अन्न व औषध प्रशासनाचं मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स लागतं, त्याला जागेच्या आणि माणसांच्या अटी असतात. सुरुवातीलाच त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारून या. लेबलवर वजन लिहाल तेव्हा मुरलेल्या वडीचं लिहा, ओतल्या दिवशीचं नको, ती सहा आठवड्यात हलकी होते.